डासांच्या अळ्यांवर जिवाणू: या कामात येणाऱ्यांसाठी

मायक्रोबायोलॉजी झाली की आपल्याकडची पोरं पॅथॉलॉजी लॅब नाहीतर औषध कंपनीच्या मागे लागतात. गडचिरोलीचा हिवताप आणि चंद्रपूर-भंडाऱ्याकडचा हत्तीरोग दाराशी असताना अळ्यांच्या कामाकडे फारसं कोणी वळत नाही. मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टपासून यात आहे. नव्यांना एवढंच सांगते: जिवाणू नंतर, आधी अळी काय खाते ते बघा.

बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला. बीजाणू (जिवाणूचं कवचातलं सुप्त रूप) धरताना तो प्रथिनांचे स्फटिक तयार करतो. अळीनं ते गिळले की तिच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात, आतड्याला भोकं पडतात आणि साधारण दिवसभरात ती मरते. पण गिळले तर! कोष काहीच खात नाही, त्यामुळे त्याला ढिम्म होत नाही. कोषात जायला आलेली अळीही खाणं सोडते. हिवतापाच्या ॲनोफिलीस डासाची अळी पाण्याच्या वरच्या थरातलं खाते आणि साधी पावडर तळाला बसते. म्हणून बोडीत (छोट्या तळ्यात), धानाच्या बांधीत तरंगणारं औषध नसेल तर मेहनत वाया.

गावातल्या नालीत हत्तीरोगाचा क्युलेक्स असतो. घाण पाण्यात बीटीआयचा जोर लवकर ओसरतो, लायसिनीबॅसिलस स्फेरिकस हा दुसरा जिवाणू टिकतो. मात्र तोच तो वापरला की अळ्या दाद देईनाशा होतात. डेंग्यूच्या एडिसवर तर तो फारसा चालतच नाही, तेव्हा रांजण-टाक्यांसाठी बीटीआयच.

असे जिवाणू शोधायला लॅबमध्ये मातीचा नमुना 80 अंशांवर तापवायचा, म्हणजे बीजाणूवाले तेवढे उरतात. चाचणीला एका भांड्यात 25 अळ्या. जिवाणू न घातलेल्या भांड्यातच 20 टक्क्यांहून जास्त मेल्या तर ती चाचणी रद्द. इथे मन मोठं करू नका.

गावात प्रश्न ठरलेला असतो: "काय टाकून राहिली व बाई? म्हशीनं पेलं तर?" तेव्हा पत्रक पुढे करू नका. "काका, हे अळीच्याच पोटात विरघळते, गप्पी मासेही यातच राहतात," एवढं पुरतं.

पुढे शिकायचं तर पुदुच्चेरीला आयसीएमआरच्या व्हीसीआरसी या डास-कीटक नियंत्रणाच्या संशोधन केंद्रात पब्लिक हेल्थ एंटोमॉलॉजीची एम.एस्सी. आहे. तोवर हिवताप कार्यालयातल्या कीटक समाहारकांसोबत (डास-अळ्या गोळा करणाऱ्यांसोबत) डिपर, म्हणजे अळ्या काढायचा दांड्याचा पळा, घेऊन फिरा. ॲनोफिलीसची अळी पाण्याला समांतर पडलेली असते, क्युलेक्सची तिरपी लटकते. ते लोक डिपर वर येताच ओळखतात.