स्ट्रोकच्या एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट: या चुका टाळा

अक्कलकुवा-धडगावकडचा लकव्याचा पेशंट धुळ्याला पोचेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची. अशा वेळी मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी स्कॅन अडवून ठेवणं ही सगळ्यात महागडी चूक. डिफ्यूजन, फ्लेअर, एसडब्ल्यूआय आणि टीओएफ अँजिओ या एमआरआयच्या प्रकारांपैकी कशालाच गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध, लागत नाही. सातपुड्यातल्या सिकलसेलच्या मुलांनाही सुरुवातीला एवढं पुरतं.

हे चारही कॉन्ट्रास्टच्या आधीच उरका. फ्लेअर नंतर घेतला आणि गॅडोलिनियम मेंदूभोवतीच्या पाण्यात झिरपलेलं असलं, तर मेंदूच्या घड्या पांढऱ्या दिसतात आणि रक्तस्रावाचा संशय येतो.

मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारा परफ्यूजन स्कॅन बिघडतो तो बहुतेक वेळा सुईपाशी. पंजावर २२ गेजचा बारीक कॅन्युला (शिरेतली नळी) असला की ४-५ मिली प्रतिसेकंद वेग झेपत नाही, इंजेक्टर दाब दाखवून थांबतो किंवा बोलस (एका झटक्यात दिलेलं औषध) पसरतो. आलेख चपटा, नकाशा निरुपयोगी. कोपराच्या खोबणीत १८ किंवा २० गेज लावा, शक्यतो उजव्या हाताला; डावीकडची शीर छातीच्या हाडामागे दबते आणि औषध रेंगाळतं. मे महिन्यात भुसावळच्या उन्हातून आलेल्या म्हाताऱ्यांच्या शिरा तर सापडतच नाहीत, तेव्हा हे काम टेबलवर घेण्याआधीच करा. औषधामागोमाग त्याच वेगाने २०-३० मिली सलाईन. आणि स्कॅन आधी सुरू, इंजेक्शन दहाएक चित्रांनंतर; नाहीतर तुलनेला मूळ पातळीच उरत नाही. हृदय अशक्त असेल तर स्कॅन लवकर तोडू नका, बोलस उशिरा पोचतो.

मात्रा ०.१ मिलिमोल प्रतिकिलो. ६० किलोला गॅडोटेरेट हे गॅडोलिनियमचं औषध १२ मिली, पण गॅडोब्युट्रॉल दुप्पट तीव्र असल्याने ६ मिलीच. सवयीने १२ भरलं की डोस दुप्पट. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असेल तर गॅडोडायअमाइड हे तिसरं औषध नको. गॅडोटेरेट आणि गॅडोब्युट्रॉल ही दोन मॅक्रोसायक्लिक (वलयाकार रेणूची) औषधं बरी.

‘सीटीच्या रंगाने पुरळ आलं होतं’ असं नातेवाईक सांगतात. ते आयोडीनचं. नोंद घ्या, पण तेवढ्यावरून गॅडोलिनियम नाकारू नका.

स्ट्रोकनंतर दोन-तीन आठवड्यांनी केलेल्या कॉन्ट्रास्ट स्कॅनमध्ये इन्फार्क्टच्या (रक्त न पोचल्याने मेलेल्या भागाच्या) घड्या चमकतात. त्या चमकेला गाठ समजून बायोप्सीकडे धावू नका. तीन महिन्यांनंतरही चमक टिकली, तर मात्र दुसरं कारण शोधा.