औषधशास्त्र-विषशास्त्रातील पीएच.डी.: या चुका टाळा

वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र किंवा विषशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्याची वर्षे वाया जातात ती बहुधा पहिल्या काही महिन्यांतील घाईमुळे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. चुकीच्या पायावरचा प्रयोग पुन्हा करायला ती अपुरी पडतात.

पुण्यात अनेकजण सह्याद्रीतील वनस्पती निवडतात आणि काष्ठौषधींच्या दुकानातून वाळलेली मुळी आणून थेट अर्क काढतात. नमुना फुला-पानांसह गोळा करून आघारकर संशोधन संस्थेकडून किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्राकडून त्याची ओळख आधीच पटवून घ्यावी. अर्क संपल्यावर वनस्पतीच्या ओळखीविषयी शंका निघाली, तर तिचे निरसन करणे जवळपास अशक्य होते.

सर्वांत महागात पडणारी चूक डोसची आहे. साठ किलो वजनाचा माणूस ३०० मिलिग्रॅम औषध घेतो, म्हणजे किलोला ५ मिलिग्रॅम. तोच आकडा रॅटला (प्रयोगशाळेतील मोठ्या उंदराला) लावला की परिणाम दिसत नाही आणि औषध निरुपयोगी ठरवले जाते. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रॅटसाठी ही मात्रा सुमारे ६.२ पट, म्हणजे किलोला ३१ मिलिग्रॅम, आणि माऊससाठी (छोट्या उंदरासाठी) सुमारे १२.३ पट येते. हा गुणाकार केवळ आरंभबिंदू देतो. किमान तीन वेगवेगळे डोस ठेवल्याशिवाय डोस आणि परिणाम यांचा संबंध दाखवता येत नाही. प्रजातीही विचारपूर्वक निवडावी, कारण पॅरासिटामॉलने यकृताला होणारी इजा माऊसमध्ये सहज घडते, तर रॅट तिला बराच प्रतिकार करतो.

प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी हवी, आणि ‘पायलट’ म्हणजे छोटा प्राथमिक प्रयोगही त्याला अपवाद नाही. प्राण्यांची संख्या सांख्यिकीच्या आधारे ठरवूनच अर्ज करावा. प्रत्येक प्राण्याचा वापर समर्थनीय असणे हे मला कागदी सोपस्कारापेक्षा फार मोठे वाटते.

औषधाविना केवळ द्रावक (औषध ज्यात मिसळून देतात तो द्रव) दिलेल्या गटातही एएसटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) वाढलेले दिसले, तर लगेच द्रावकाला दोष देऊ नये. आधी सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा, रंग पाहावा. तो लालसर असेल, तर रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या आहेत आणि एएसटी, एलडीएच (पेशींमधील आणखी एक एन्झाइम) व पोटॅशियम तिन्ही खोटे वाढलेले असू शकतात. असे नमुने कोणत्या निकषाने वगळायचे, हे कोणता नमुना कोणत्या गटाचा ते उघड होण्यापूर्वीच नोंदवहीत लिहून ठेवावे.