घरात वटवाघूळ शिरले तर या चुका टाळा

घरात वटवाघूळ आल्याची तक्रार दोन प्रकारची असते आणि बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्याने होतात. किड्यांचा पाठलाग करता करता उघड्या खिडकीतून आलेले एखादे वटवाघूळ खोलीत घिरट्या घालत असेल, तर ते काही मिनिटांचे काम आहे. छपराखालच्या पोकळीत किंवा वळचणीला वटवाघळांनी मुक्कामच ठोकला असेल, तर ते काही आठवड्यांचे, कधी कधी काही महिन्यांचे काम आहे. पहिल्या प्रसंगी माणसे झाडू घेऊन धावतात आणि दुसऱ्या प्रसंगी दुसऱ्याच दिवशी फटी लिंपायला घेतात. दोन्हीकडे घाईच नडते. फरक एवढाच, की पहिल्या घाईत एक जीव जखमी होतो आणि दुसरीत घरभर दुर्गंधी पसरते.

घरात येणारी वटवाघळे बहुधा कीटकभक्षी आणि अगदी लहान चणीची असतात. त्यांतल्या कित्येकांचे वजन पाच ते दहा ग्रॅम, म्हणजे लिहिण्याच्या एक-दोन कोऱ्या कागदांइतके भरते. पंख पसरले की ते वीतभर दिसते, आणि दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेली त्याची सावली त्याहून कितीतरी मोठी दिसते. घाबरायला होते ते बरेचसे त्या सावलीमुळेच.

झाडू, टॉवेल आणि चालू पंखा

खोलीत अडकलेले वटवाघूळ भिंतीजवळ वर चढते, वळताना त्याचा वेग मंदावतो आणि तो पुन्हा मिळवण्यासाठी ते खोलीच्या मध्यावर खाली झेपावते. माणूस नेमका खोलीच्या मधोमध उभा असतो, त्यामुळे ते आपल्यावरच चाल करून येत आहे असा त्याचा समज होतो आणि त्याचा हात झाडूकडे जातो. ते केसांत अडकते ही समजूतही बहुधा या झेपेतूनच आलेली असावी. वास्तविक लाझारो स्पलान्झानी या इटालियन शास्त्रज्ञाने 1790च्या दशकातच दाखवून दिले होते, की डोळे निकामी केलेले वटवाघूळही अडथळे चुकवत व्यवस्थित उडते. त्यामागचे कारण, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे ध्वनी आणि त्यांचे प्रतिध्वनी, हे 1938 पासूनच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. मिट्ट काळोखात उडता डास टिपणाऱ्या प्राण्याला माणसाचे डोके चुकवता येत नाही, असे मानण्याचे काही कारण नाही. वटवाघळे आंधळी असतात हेही खरे नाही.

एकदा ही चूक मी स्वतः केली आहे. टॉवेल फिरवत दहा मिनिटे नाचून झाल्यावर वटवाघूळ दिसेनासे झाले, म्हणून ते गेले असे समजून मी खिडकी लावून घेतली. छताचा पंखा या सगळ्या गोंधळात चालूच होता आणि त्याच्या पात्याचा तडाखा त्या जीवाला बसला नाही हे केवळ नशीब. सकाळी ते पडद्याच्या वरच्या चुणीत सापडले. पंख मिटून, उलटे लटकलेले, सुकलेल्या पानासारखे. जवळ गेल्यावर त्याने तोंड उघडले आणि सुईच्या टोकाएवढे दात दिसले. ते गुरकावते आहे असे मला वाटले. पुष्कळ जातींची वटवाघळे परिसराचा अंदाज घेणारे ध्वनी उघड्या तोंडातून सोडतात, हे मला फार नंतर कळले.

योग्य रीत याच्या नेमकी उलट आहे. सर्वप्रथम पंखा बंद करावा, मुलांना आणि पाळीव प्राण्यांना खोलीबाहेर काढावे, घराच्या आतल्या बाजूचे दार लावून त्याच्या खालच्या फटीत कापड कोंबावे. मग बाहेर उघडणाऱ्या खिडक्या आणि दारे सताड उघडावीत, पडदे पूर्णपणे बाजूला सारावेत आणि खोलीतले दिवे मालवावेत; वटवाघूळ कुठे आहे ते दिसावे एवढा एखादा मंद दिवा कोपऱ्यात असला तर चालतो. आपण भिंतीला टेकून स्वस्थ उभे राहावे. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ते हवेच्या झुळकीचा माग काढत निघून जाते. ते बाहेर जाताना डोळ्यांनी पाहणे महत्त्वाचे आहे. दिसले नाही, तर पडद्यांच्या घड्या, कपाटामागची जागा, भिंतीवरच्या तसबिरींची मागची बाजू आणि टांगलेले कपडे नीट तपासावेत.

ते कुठे तरी बसलेच, तर काम अधिक सोपे होते. जाड चामडी हातमोजे घालावेत, एक लहान खोका किंवा रुंद तोंडाचे भांडे त्याच्यावर अलगद पालथे धरावे आणि भिंतीला लागून मागून ताठ पुठ्ठा सरकवावा. दिवसा पकडले असेल तर तसेच उन्हात सोडू नये. झाकण असलेल्या, हवेसाठी बारीक छिद्रे पाडलेल्या खोक्यात एक मऊ कापड घालून ते शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे आणि सांजावल्यावर सोडावे. सोडताना जमिनीवर ठेवणे ही एक हमखास होणारी चूक आहे. बहुतेक जातींना सपाट जमिनीवरून सहज उडता येत नाही. उंचावरून खाली झेप घेऊनच त्या पंख पसरतात. म्हणून खोका डोक्याएवढ्या उंचीवर, झाडाच्या खोडाला किंवा खडबडीत भिंतीला टेकवून आडवा धरावा आणि त्याला त्याच्या कलाने बाहेर येऊ द्यावे. पंख मोडलेला असेल किंवा अंधार पडूनही ते उडत नसेल, तर वन्यजीव बचाव करणाऱ्यांना बोलवावे.

उघड्या हाताने पकडणे आणि चावा क्षुल्लक समजणे

या एका चुकीबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. वटवाघळांमध्ये रेबीज किंवा त्याच कुळातले विषाणू आढळतात. बाधित वटवाघळांचे प्रमाण फार थोडे असते, परंतु रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते, आणि लक्षणे दिसण्यापूर्वी वेळेत दिलेली लस मात्र उत्तम संरक्षण देते. या दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवल्या, की उघड्या हाताने वटवाघूळ उचलण्याचा मोह आवरता येतो.

अडचण अशी आहे, की लहान वटवाघळाच्या चाव्याची खूण टाचणी टोचल्यासारखी असते आणि कित्येकदा ती दिसतही नाही. चावा किंवा ओरखडा बसला असेल, किंवा त्याची लाळ जखमेला अथवा डोळ्या-तोंडाला लागली असेल, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी (डोळ्यांसाठी अर्थात नुसतेच पाणी) आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. झोपेतून जाग आल्यावर खोलीत वटवाघूळ दिसले, किंवा तान्हे बाळ अथवा स्वतःहून काही सांगू न शकणारी व्यक्ती एकटी असलेल्या खोलीत ते सापडले, तर चाव्याची खूण नसली तरी वैद्यकीय सल्ला घ्यावा. अशा वेळी ते वटवाघूळ घाईने सोडून देऊ नये आणि ठेचूनही मारू नये. खोक्यात बंद करून आरोग्य विभागाला विचारावे. रेबीजची तपासणी मेंदूवर होते आणि डोके चिरडले गेले तर ती शक्यता संपते. मांजराने वटवाघूळ तोंडात धरून आणले असेल, तर मांजरालाही पशुवैद्याकडे न्यावे.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे वटवाघूळ नुसते खोलीतून उडून गेले म्हणून किंवा त्याची विष्ठा दिसली म्हणून रेबीजच्या भीतीने रात्र जागून काढणे. तशाने रेबीज होत नाही.

दुसऱ्याच दिवशी फटी बुजवणे

वटवाघळे वारंवार घरात येऊ लागली, तर ती खिडकीतून येत नसून घरातच राहत असण्याची शक्यता मोठी असते. याच्या खुणा ठरलेल्या आहेत. वळचणीखाली किंवा माळ्यावर एकाच जागी विष्ठेचा थर साचतो. तिचे दाणे उंदराच्या लेंड्यांसारखे दिसतात, पण कोरड्या काडीने दाबले की त्यांचा चुरा होतो आणि त्यात कीटकांच्या पंखांचे चमचमते कण दिसतात. उंदराची लेंडी वाळली की कडक होते, अशी चुरत नाही. फटीच्या कडेला त्यांच्या अंगावरच्या तेलकटपणाचा तपकिरी डाग पडतो आणि ऊन तापले की छतातून बारीक चिवचिवाट ऐकू येतो.

इथवर कळले, की माणूस सिमेंट घेऊन शिडीवर चढतो, आणि हात दाखवून अवलक्षण होते ते इथेच. दिवसा फट बुजवली तर सगळी वसाहत आत कोंडली जाते. कोंडलेली वटवाघळे वाट शोधत दिव्याच्या भोकांतून आणि छताच्या सांध्यांतून थेट राहत्या खोल्यांत उतरतात. उरलेली आतच मरतात. रात्री, सगळी बाहेर गेल्यावर बुजवावे म्हटले, तर पिल्ले आत राहतात. वटवाघळे बहुधा वर्षाला एखाद-दुसरेच पिल्लू देतात, माद्या पिल्लांसह एकत्र राहतात आणि पिल्लाला उडता यायला साधारण महिना-दीड महिना लागतो. थंड प्रदेशांत हा काळ उन्हाळ्यात येतो. उष्ण प्रदेशांत तो जातीनुसार बदलतो. थंड प्रदेशांतल्या हिवाळ्यात तर ती शीतनिद्रेत असतात आणि बाहेर पडतच नाहीत. म्हणून काम केव्हा करायचे हे आपल्या भागातल्या वन किंवा वन्यजीव विभागाला विचारूनच ठरवावे, शिवाय अनेक देशांत वटवाघळांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे परवानगीचा प्रश्नही तिथेच सुटतो.

योग्य काळ आला, की पहिले काम पाहण्याचे. सूर्यास्ताच्या सुमारास दोघांनी घराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर उभे राहावे, म्हणजे चारही बाजू नजरेत राहतात, आणि तासभर वळचणीवरची नजर हलवू नये. वटवाघळे कुठून बाहेर पडतात ते दोन-तीन संध्याकाळी लिहून ठेवावे. हे कंटाळवाणे काम लोक टाळतात आणि नंतर चुकीच्या फटींवर मेहनत घेत बसतात. सव्वा-दीड सेंटीमीटरची, म्हणजे करंगळी जेमतेम शिरेल एवढी फट लहान वटवाघळाला पुरते. म्हणून ती ज्या वाटांनी ये-जा करत नाहीत अशा साऱ्या फटी आधी बुजवाव्यात आणि वापरातल्या वाटांवर एकेरी दार बसवावे.

एकेरी दार हे भारदस्त नाव असले, तरी वस्तू साधी आहे. बारीक छिद्रांची हलकी जाळी फटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना पक्की करावी आणि खालची कड मोकळी ठेवून ती फटीखाली सुमारे 60 सेंटीमीटर लोंबू द्यावी. बाहेर पडणारे वटवाघूळ भिंतीवरून खाली सरपटत जाऊन मोकळ्या कडेतून निसटते. परतताना मात्र ते फटीपाशीच येऊन उतरू पाहते आणि जाळीला अडते. गोल भोक असेल, तर 5 सेंटीमीटर व्यासाची, साधारण 25 सेंटीमीटर लांबीची आतून गुळगुळीत प्लॅस्टिकची नळी किंचित खाली झुकवून बसवली तरी तेच साधते. हे किमान पाच ते सात रात्री तसेच ठेवावे. पावसाच्या किंवा गारठ्याच्या रात्री त्यात मोजू नयेत, कारण अशा हवेत ती बाहेर पडत नाहीत. शेवटी आणखी एक संध्याकाळ पहारा द्यावा आणि एकही बाहेर पडले नाही तरच दार काढून फट बंद करावी. वटवाघळे उंदरांसारखी कुरतडत नसल्याने सिलिकॉन, गिलावा किंवा साधी धातूची जाळी पुरेशी होते. फुगणारा फोम मात्र ये-जा चालू असलेल्या फटीत कधीही मारू नये. ओल्या फोमला वटवाघळांचे पंख चिकटतात.

जागा असेल तर या कामाच्या काही आठवडे आधी बाहेर उंचावर लाकडी वटवाघूळपेटी टांगून ठेवावी. ती त्यात जातीलच याची हमी देता येत नाही, पण पर्याय आधीपासून समोर असलेला बरा.

डांबराच्या गोळ्या, धूर आणि आवाजाची यंत्रे

यांविषयी थोडक्यात सांगता येते: पैसे वाचवावेत. डांबराच्या गोळ्यांचा वास मोकळ्या माळ्यावर वटवाघळांना हुसकावण्याइतका साचत नाही, आणि साचवण्याइतक्या गोळ्या टाकल्या तर त्या वाफा घरातल्या माणसांनाच बाधतात. उच्च कंप्रतेच्या यंत्रांचा भरवसा धरता येत नाही. धुरामुळे ती आतल्या आत खोल सरकतात. विष आणि चिकट सापळे क्रूर तर आहेतच, पण विषबाधेने गलितगात्र झालेली वटवाघळे अंगणात पडतात आणि मुलांच्या हाती लागतात, म्हणजे टाळायचा तोच धोका आपण वाढवून ठेवतो.

कोरडी झाडलोट

वटवाघळे गेल्यावर माळा झाडून काढण्याचा उत्साह येतो. साचलेल्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते आणि झाडूने उडालेल्या धुळीबरोबर तिचे बीजाणू फुप्फुसांत जाऊन आजार होऊ शकतो. म्हणून प्रथम पाण्याची बारीक फवारणी करून थर ओला करावा, एन-95 दर्जाचा मास्क, हातमोजे आणि धुता येतील असे कपडे घालावेत, आणि ओला थर खरवडून दुहेरी पिशवीत बांधावा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. तो बारीक धूळ पुन्हा हवेतच सोडतो. थर जाड असेल, तर हे काम व्यावसायिक सफाईवाल्यांवर सोपवावे. वटवाघळांच्या अंगावर जगणारे, ढेकणांचे भाऊबंद असलेले कीटक यजमान निघून गेल्यावर कधी कधी खाली खोल्यांत उतरतात. तसे दिसले तर ढेकूण समजून गाद्या फेकण्यापूर्वी माळा तपासावा.

पुढच्या वर्षी त्याच सुमारास आणखी एक संध्याकाळ बाहेर उभे राहण्यात घालवावी. वटवाघळे आकाराच्या मानाने फार दीर्घायुषी असतात, काही जाती तीस वर्षांहून अधिक जगलेल्या नोंदल्या गेल्या आहेत, आणि जुनी जागा त्यांच्या लक्षात राहते. त्यामुळे ती परत येतात, वळचणीपाशी दोन-चार घिरट्या घालतात आणि बंद फटीला थडकून माघारी फिरतात. एखादे माघारी फिरलेच नाही, तर ते जिथे दिसेनासे झाले त्या जागेवर खडूची खूण करून ठेवावी.