कोठडीत माणूस गेला तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

मे २०२० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड गेला तेव्हा तिथल्या पोलिसांची पहिली प्रेसनोट काय होती माहितीये का? पकडताना त्याची तब्येत बिघडलेली दिसली, दवाखान्यात नेलं, तिथं वारला. बस. मानेवर नऊ मिनिटांपेक्षा जास्त वेळ एका पोलिसाचा गुडघा होता हे त्यात नव्हतंच, ते १७ वर्षांच्या एका पोरीनं फुटपाथवर उभं राहून शूटिंग केलं म्हणून जगाला कळलं आणि त्या पोलिसाला, डेरेक शोविनला साडेबावीस वर्षांची शिक्षा लागली.

आता आपल्या परभणीचं बघा. डिसेंबर २०२४, संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, मग बंद, मग धरपकड, आणि कायद्याचं शिकणारा एक पोरगा न्यायालयीन कोठडीत असताना गेला. छातीत दुखत होतं असं सांगितलं गेलं. पीएम, म्हणजे शवविच्छेदन, संभाजीनगरला झालं, त्यात आलं की अनेक जखमांमुळं शॉक. आई हायकोर्टाच्या खंडपीठात गेली तेव्हा कुठं जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायचा आदेश झाला, सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही आदेश टिकला. म्हणजे नुसता एफआयआर व्हावा म्हणून सात महिने!

म्हणून सांगतो, घडल्याची पहिली गोष्ट पोलीस लिहितात, तुम्हाला दुसरी लिहून ठेवायचीय, तीही त्याच दिवशी.

सगळ्यात आधी: कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. आमच्या तालुक्यात एका घरचा पोरगा गेला, काकांनी रडत रडत कुठंतरी सही केली, नंतर बघितलं तर 'आमचा कोणावरही संशय नाही' असा जबाब. ते खोडायला किती चपला झिजल्या विचारू नका.

मग पीएम. त्याचं व्हिडिओ शूटिंग करा अशी लेखी मागणी द्या, १९९५ पासून मानवाधिकार आयोगाचं तसं सांगणं आहे. शक्यतो घाटीसारख्या (संभाजीनगरचं सरकारी हॉस्पिटल) मोठ्या ठिकाणी, एकापेक्षा जास्त डॉक्टरांकडून करा म्हणा. बॉडी ताब्यात आल्यावर अंगावरच्या सगळ्या खुणांचे फोटो घ्या, तळपायाचे आवर्जून, तिथं कोणी बघत नाही. आणि जमलं तर दहन नको, दफन करा, दुसऱ्या पीएमची वेळ आली तर उपयोगी पडतं. घरच्यांना हे सांगणं लई जड जातं, पण कुणीतरी सांगावंच लागतं.

पोलीस बहुतेक वेळा आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि लोकांना वाटतं गुन्हा दाखल झाला. नाही झालेला. तुमची फिर्याद वेगळी द्या, ठाण्यात घेईनात तर एसपीला रजिस्टर पोस्टानं, तिथंही काही नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंदवावाच लागतो हे सुप्रीम कोर्टानं २०१३ ला ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलंय. मयत अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि जातीमुळं झालंय असं वाटत असेल तर फिर्यादीत अॅट्रॉसिटीचं स्पष्ट लिहा, मागून घालायला गेलं की फाटे फुटतात.

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी नुसती पोलिसांनी नाही, मॅजिस्ट्रेटनंही करायचीय (नवीन बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६). नातेवाइकांना तिथं हजर राहू द्यायचंय, म्हणून तारखा विचारत राहा, उगं घरी बसून निरोपाची वाट बघू नका.

सीसीटीव्हीचा अर्ज त्याच दिवशी. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाप्रमाणं ठाण्यातलं फुटेज १८ महिने, अगदीच नाही तर एक वर्ष ठेवायचंय. पण कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद असतो हे तुम्हीबी जाणता, म्हणून फुटेजबरोबर कॅमेऱ्याच्या दुरुस्तीची नोंद, स्टेशन डायरी आणि अटकेच्या वेळच्या मेडिकलचे कागदही मागा. मेडिकलमध्ये अंगावर जखम नाही आणि पीएममध्ये आहे, तर मधल्या काळाचा जाब कुणी द्यायचा?

मानवाधिकार आयोगाला घटनेपासून एका वर्षाच्या आत लिहा. आणि कुठलाही अर्ज असो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बाकड्यावर बसून राहा.