मॉडेल जहाजाच्या दोरांवरची लव घालवायची युक्ती

गलबताचं किंवा गुराबेचं मॉडेल कितीही सुबक झालं, तरी सुती दोऱ्याची लव उभी राहिली की सगळा दोरसाज केसाळ दिसतो. त्यावर मधमाशीचं मेण आणि हेअर ड्रायर एवढं पुरतं.

१. दोरा लागेल त्यापेक्षा वीतभर जास्त कापा. टोकाला फेविक्विकचा टिपका लावा, वाळल्यावर तिरकं कापा. टोक सुईसारखं कडक होतं आणि कप्पीच्या बारीक भोकातून एका झटक्यात जातं. हे मेणाआधीच करायचं, कारण मेणावर फेविक्विक धरत नाही.

२. दोरा मेणाच्या तुकड्यावर अंगठ्याने दाबून दोन-तीनदा ओढा.

३. ताणून धरा, ड्रायरची गरम हवा फिरवा आणि लगेच चिमटीतून ओढून घ्या. मेण मुरतं, लव बसते.

१:१०० च्या मॉडेलवर २ सेंटिमीटर जाडीचा दोर ०.२ मिलिमीटरचा होतो, म्हणजे शिवणाचा बारीक दोराच घ्या. जाड सुतळीने मॉडेलची सगळी शान जाते! डोलकाठीला ताणून धरणारे दोर गडद तपकिरी करा, खऱ्या जहाजावर त्यांना डांबर लावत. शिडं ओढायचे दोर फिके ठेवा. शिडांना जुनी, धुऊन मऊ झालेली मलमल उत्तम.

एक मात्र सांभाळा. सुतावर फेविक्विक जास्त पडलं तर ते एकदम तापतं, धूरही येतो. टोक बोटात किंवा फडक्यात न धरता चिमट्यात धरा.