हिऱ्याची क्लॅरिटी कशी बघायची? नुसत्या ग्रेडवर जाऊ नका

हिरा घेताना सगळे आधी क्लॅरिटीची, म्हणजे हिरा किती निर्दोष आहे त्याची ग्रेड विचारतात, पण एसआय २ या एकाच ग्रेडचे दोन हिरे शेजारी ठेवले तर एक अगदी स्वच्छ वाटतो आणि दुसऱ्यातला काळा ठिपका लगेच डोळ्यात भरतो, असं अगदी होऊ शकतं. म्हणून ग्रेड ही फक्त सुरुवात समजा.

१) जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या स्केलवर वरून खाली ११ ग्रेड असतात: एफएल (निर्दोष), आयएफ (आतून निर्दोष), मग व्हीव्हीएस (अतिशय बारीक डाग), व्हीएस (बारीक डाग), एसआय (थोडे डाग) यांचे प्रत्येकी १ आणि २, आणि शेवटी आय (ठळक डाग) १ ते ३. हे सगळं १० पट मोठं करून ठरवतात, त्यामुळे व्हीव्हीएस आणि व्हीएसमधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, पैसे मात्र त्याचे जास्त जातात. माझं मत विचाराल तर ते पैसे चांगल्या कटवर, म्हणजे पैलू नीट पाडलेल्या हिऱ्यावर घालवा, चमक तिथून येते.

२) डाग कुठे आहे ते बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. हिऱ्याच्या तपासणी रिपोर्टवर नकाशा असेल तर त्यात आतल्या खुणा लाल आणि वरवरच्या हिरव्या दाखवतात. टेबल म्हणजे वरचा मोठा सपाट पैलू, त्याच्या खालचा डाग जास्त दिसतो, काठाजवळचा असेल तर प्राँगखाली (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखीखाली) झाकला जातो. पण फेदर म्हणजे बारीक चीर काठापर्यंत आलेली असेल तर जपून, सेटिंग करताना दाब पडला की तिथून तुकडा उडू शकतो. आणि क्लाउड म्हणजे बारीक ठिपक्यांचा पुंजका मोठा असेल तर अख्खा हिराच धुरकट दिसतो.

३) शेप. राउंड ब्रिलियंटच्या (गोल, खूप पैलूंचा हिरा) चमकेत बरंच लपून जातं, एमराल्ड किंवा ॲशर कटमध्ये (पायऱ्यांसारखे मोठे पैलू असलेले चौकोनी आकार) काहीच लपत नाही, तिथे व्हीएसच्या खाली जाऊ नका.

४) आता स्वतः बघा. दुकानातल्या स्पॉटलाइटपासून बाजूला, साध्या उजेडात, हातभर अंतरावरून. मग लूप (१० पट मोठं दाखवणारं छोटं भिंग) डोळ्याजवळ धरून हिरा हळूहळू जवळ आणा आणि गर्डलवर (हिऱ्याच्या कडेच्या पट्टीवर) लेझरने कोरलेला नंबर असेल तर रिपोर्टशी जुळवा.

५) चिरा भरून क्लॅरिटी वाढवलीय का हे सरळ विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. असे हिरे जीआयए ग्रेडच करत नाही, आणि पुढे कधी दागिना दुरुस्तीला दिला की टॉर्चच्या उष्णतेने आतलं फिलिंग खराब होऊन चीर पुन्हा उघडी पडते.