दुसऱ्या गुडघ्याच्या आधी फाईलीत काय काय टाकायचं

आईच्या दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख लागलीये. पहिल्या वेळी मी जो गाढवपणा केला तो परत नको म्हणून लिहून ठेवतोय, तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर तुम्हीही वाचा.

आधार, इन्शुरन्सचं कार्ड, झेरॉक्स. माहितीये सगळ्यांना, पुढे.

जुना ईसीजी. कितीही जुना असू दे, घ्या. मागच्या वेळी फिटनेससाठी, म्हणजे ऑपरेशन झेपेल का ते बघायला, ईसीजी काढला तर त्यात लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक आला, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला करंट उशिरा पोचतो. डॉक्टरांनी एकच विचारलं, हे नवीन आहे का जुनं? आधीचा ईसीजी आहे? मी आईकडे बघतोय, आई माझ्याकडे. नवीन असेल तर हार्टचं काही चालू आहे का ते आधी बघावं लागतं, त्यामुळे ऑपरेशन पुढे ढकललं, आणि नंतर सिन्नरच्या घरी कपाटात साड्यांच्या खाली 2019 चा ईसीजी सापडला, त्यात हाच ब्लॉक! जुना आहे म्हणून तपासण्या टळतातच असं नाही, पण तीन आठवडे आम्ही सगळे ज्या टेन्शनमध्ये होतो ते तरी टळलं असतं.

आणि तो कागद बहुतेकदा थर्मल, म्हणजे उष्णतेवर छापला जाणारा असतो, उन्हात, गरमीत छपाई उडून जाते. झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. लॅमिनेशन अजिबात करू नका, मशीनच्या उष्णतेनं पूर्ण काळा पडतो.

ईसीजीवर वरती मशीनच ‘अबनॉर्मल’ छापतं, ते वाचून लगेच मामाला फोन लावायचा नाही. डॉक्टर वाचतील तेच खरं.

गोळ्या पाकिटासकट न्या. ‘ती छोटी गुलाबी’ सांगून काही कळत नाही. रक्त पातळ करायची गोळी, क्लोपिडोग्रेल वगैरे, बऱ्याचदा पाचेक दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असेल तर हार्टवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मेटोप्रोलॉलसारखी बीपी-हार्टची गोळी उलट अचानक बंद करायची नसते. शुगरची डापाग्लिफ्लोझिन असेल तर आवर्जून सांगा, ती काही दिवस आधीच थांबवतात. आणि मनानं काहीच बंद करू नका, शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून तर नकोच.

दम किती टिकतो हे विचारतात, दोन मजले न थांबता चढता का वगैरे. इथे आई ठसक्यात म्हणाली, ‘मागच्याच महिन्यात सप्तशृंगी गडावर जाऊन आले.’ डॉक्टर खूश. अहो, ट्रॉलीनं गेली होती! 2018 पासून ट्रॉली आहे तिथे, पायऱ्या कोण चढतंय. मी वेळेत बोललो म्हणून बरं. खरं सांगायला लावा. गुडघ्यामुळे ट्रेडमिलवर पळवता येत नाही, आणि या ब्लॉकमध्ये ट्रेडमिलच्या ईसीजीवरून नीट कळतही नाही, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली, मग स्ट्रेस इको, म्हणजे औषधानं हृदयावर ताण देऊन तीच तपासणी. जुनी इको असेल तर तीही फाईलीत. जुना ईसीजी टाकलात ना?

फिटनेस कागदावर लिहून घ्या, तोंडी ‘हरकत नाही’ भूलतज्ज्ञांना चालत नाही. तारीख बदलली तर कॅशलेसवाल्यांना लगेच कळवा, आमची मंजुरी परत घ्यावी लागली होती.

नवरात्रात तारीख असेल तर लवकर निघा, नाशिकमध्ये कालिका देवीच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडचे रस्ते बंद असतात.

उपाशी किती तास, पाणी कधीपर्यंत, भूलवाले सांगतील तसं. बांगड्या, नेलपॉलिश काढा. कवळीची डबी, थर्मास, चार्जर, जुना ईसीजी. बाकी वहिनी बघेल.